यशवंतरावांच्या घरातले बाकीचे

वडील गेले तेव्हा यशवंत चार-पाच वर्षांचा होता. बळवंतराव चव्हाण कराडच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचं, जप्तीचा हुकूम घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, चार शब्द ऐकून घेऊन परत यायचं, असलं ते काम. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा. प्लेगच्या साथीत ते गेले. विठाबाईंच्या पदरात तीन मुलगे आणि एक मुलगी उरली. त्या मुलांना घेऊन त्या माहेरी, देवराष्ट्र्याला आल्या. यशवंतचा जन्मही तिथलाच, १२ मार्च १९१३ चा.

पुढची गोष्ट महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला थोडीफार ठाऊक असते. हा मुलगा शिकला, तुरुंगात गेला, वकील झाला, ४३ व्या वर्षी द्वैभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री झाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य आलं ते त्याच्याच कारकिर्दीत. चीनच्या युद्धात नामुष्की पदरी आली तेव्हा नेहरूंनी त्याला संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं. त्यानंतर गृह, अर्थ, परराष्ट्र अशी केंद्रातली मोठी खाती त्याच्या हातून गेली आणि १९७९ मध्ये काही महिने तो देशाचा उपपंतप्रधानही झाला. देवराष्ट्रे ते दिल्ली, असा त्याचा मथळा आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो आहोत.

ही गोष्ट एका मुलाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगवत नाही. यशवंतरावांची जिद्द, बुद्धी, वाणी, यांतलं काहीच मी कमी लेखत नाही. पण त्यांचं लहानपण वाचत गेलं की माझी नजर त्यांच्यावरून हळूहळू सरकते आणि त्या घरातल्या बाकीच्यांवर जाऊन थांबते. एक मूल वर जावं म्हणून त्या घरानं काय काय खर्ची घातलं, याचा हिशेब जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत येत नाही. विठाबाईंचं नाव येतं, आणि यायलाच हवं. थोरल्या दोन भावांची नावं एखाद्या वाक्यात येतात आणि निघून जातात. बहिणीचं तर तेवढंही नाही.

थोरला ज्ञानोबा. बाप गेल्यावर घराचा बाप व्हायची पाळी त्याच्यावर आली, तेव्हा तो स्वतःच मिसरूड फुटण्याच्या वयाचा. तो कोर्टाच्या नोकरीला लागला आणि त्याच्या पगाराच्या भरवशावर घर पुन्हा कराडला आलं. एवढं एक वाक्य चरित्रात असतं आणि चरित्रकार लगेच टिळक हायस्कूलकडे वळतो. मी त्या वाक्यापाशीच अडकते. त्या वयात ज्या मुलानं नोकरी धरली, त्याच्या मनात दुसरं काही करायचं होतं का? त्याला कुणी विचारलं असण्याची शक्यता कमीच. गरिबाच्या घरात थोरल्याला विचारत नाहीत. तो थोरला आहे, एवढंच पुरतं.

मधला गणपत. हा शिकणारा होता, वाचणारा होता, आणि मतं असलेला होता. कराड-साताऱ्याच्या त्या काळच्या हवेत सत्यशोधक चळवळ होती, ब्राह्मणेतर पक्ष होता, आणि गणपतरावांचा ओढा तिकडे होता. यशवंत हळूहळू काँग्रेसकडे, गांधींच्या चळवळीकडे सरकत होता. दोघा भावांत वाद व्हायचे. हे वाद मला फार मोलाचे वाटतात. पुढे यशवंतरावांनी 'बेरजेचं राजकारण' म्हणून जे केलं, बहुजन समाज काँग्रेसमध्ये आणला पण ब्राह्मणद्वेषाची भाषा केली नाही, त्याची पहिली तालीम घरातल्या घरात, दिव्याच्या उजेडात, या भावासमोर झाली असणार असं मला वाटतं. समोरच्याचं म्हणणं खरं असू शकतं आणि तरी आपला रस्ता वेगळा असू शकतो, हे ज्याला सख्ख्या भावाकडून शिकायला मिळालं, तो पुढे विरोधकांशी आयुष्यभर सभ्यतेनं बोलला.

दोघांनाही शिकवणं घराला झेपणारं नव्हतं. गणपतराव थांबले आणि यशवंत पुढे गेला.

आमच्या घरात हे असंच घडलंय, म्हणून मला त्या थांबण्याचा आवाज ओळखीचा आहे. माझे थोरले काका, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सातवीनंतर शाळेतून निघाले ते थेट औतामागे उभे राहिले. माझे वडील धाकटे, म्हणून ते शिकले. आबांचं अक्षर वडिलांपेक्षा सुंदर होतं. गावातल्या लोकांची पत्रं, अर्ज, सगळं आबा लिहून द्यायचे. वडील मास्तर झाले, त्यांची बदली झाली की आबा बैलगाडीतून सामान पोचवायचे आणि नव्या गावातल्या लोकांना कौतुकानं सांगायचे, "हे आमचे धाकटे. मास्तर आहेत." त्या कौतुकात कुठे खंत होती का, हे मी लहानपणी शोधलं नाही. मोठेपणी शोधायला गेले तेव्हा आबा नव्हते. वडिलांच्या मनात मात्र ते ओझं शेवटपर्यंत होतं. ते आबांसमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत.

यशवंतचं शाळेतलं ते प्रसिद्ध उत्तर याच काळातलं. मोठेपणी कोण होणार, असं वर्गात विचारलं. कुणी कुणाचं, कुणी कुणाचं नाव लिहिलं. यानं लिहिलं, मी यशवंतराव चव्हाण होणार. हा किस्सा आत्मविश्वासाचा नमुना म्हणून सांगतात, आणि तो तसा आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घरातली दोन माणसं ज्याच्यासाठी मागे थांबली आहेत, त्या मुलाला कुणाची तरी नक्कल होऊन चालणार नसतं. तो स्वतः काहीतरी झाला तरच त्या थांबण्याला अर्थ येतो.

१९२९ च्या सप्टेंबरात लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले. कराडमधला हा शाळकरी मुलगा त्या बातम्या रोज वाचत होता. आपल्याशी ओळख ना पाळख असलेला एक बंगाली तरुण मेला आणि घरातलंच कुणी गेल्यासारखा तो रडला. तिथून पुढे तो चळवळीचा झाला. पत्रकं, सभा, प्रभातफेऱ्या. १९३२ च्या जानेवारीत झेंडा लावल्याबद्दल त्याला पकडलं आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेव्हा तो अजून शाळेतच होता.

आता त्या घराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दोघांनी मागे राहून एकाला शाळेत ठेवलंय, आणि तो एक तुरुंगात निघालाय. थोरला भाऊ सरकारी कोर्टाच्या नोकरीत, म्हणजे ज्या सरकारविरुद्ध धाकट्यानं झेंडा लावला त्याच सरकारच्या पगारावर चूल पेटतेय. त्या वेळी विठाबाईंना त्याच्या भेटीला नेलं, बरोबर शाळेतले एक शिक्षक होते. मुलानं माफी मागितली तर सुटका होईल, असं त्या शिक्षकांनी भल्या हेतूनं सुचवलं. विठाबाई उठल्या. माफी कशाची मागायची, असं त्यांनी त्या मास्तरांनाच विचारलं. मुलाला एवढंच सांगितलं की तब्येतीला जप. आणि त्या घरी गेल्या.

या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. राष्ट्रसभा, स्वराज्य, कायदेभंग, यांवरची पुस्तकं त्यांच्या हाती पडलेली नव्हती. जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या, आणि मुलं खचली की त्यांना सांगायच्या की चंद्रसूर्यावरही ढग येतात आणि सरकून जातात. माफीनाम्याच्या एका कागदानं त्यांचं सगळं सोपं झालं असतं. मुलगा घरी, थोरल्याची नोकरी निर्धोक, शिक्षण पुढे चालू. तरी त्यांनी तो रस्ता बंद केला. शूर आईची गोष्ट म्हणून ही आपण वाचतो आणि पुढे जातो. मला ती हिशेब कळणाऱ्या बाईची गोष्ट वाटते. या मुलावर घरानं काय लावलंय ते तिला चोख ठाऊक होतं, आणि ते सगळं मान खाली घालून परत मिळवायचं नाही, हे तिनं तिथल्या तिथे ठरवलं.

तुरुंगानं यशवंतला शिकवलं. येरवड्यात आचार्य भागवतांसारखी माणसं भेटली, वाचन झालं, चर्चा झाल्या, कराडच्या बाहेरचं जग पुस्तकांतून आत आलं. बाहेर येऊन १९३४ मध्ये तो मॅट्रिक झाला, म्हणजे एकविसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बी. ए., पुण्यातून १९४१ ला एलएल. बी. ही वर्षं मी भराभर सांगतेय. घरासाठी ती भराभर गेलेली नव्हती. प्रत्येक टर्मची फी होती, खोलीचं भाडं होतं, खाणावळ होती, आणि ते पैसे कराडहून यायचे होते.

वकिलीची सनद मिळाली. कराडात पाटी लागली. २ जून १९४२ ला लग्न झालं, फलटणच्या मोऱ्यांची वेणू घरात आली. एवढ्या वर्षांनी घराला आता जरा टेकता येईल, असं वाटण्याचे ते दोन महिने. ऑगस्टमध्ये मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि यशवंतराव तिथून परतले ते भूमिगत व्हायलाच. सातारा जिल्हा पेटला. कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, वडूजला पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण पडले. यशवंतरावांना पकडून देणाऱ्याला हजार रुपयांचं इनाम लागलं.

ते सापडत नव्हते, म्हणून सरकारनं घराला धरलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत, आणि वेणूताईंना अटक झाली. हलव्याचे दागिने घालायचे त्या दिवशी. गणपतराव तुरुंगात गेले. याच धामधुमीत ज्ञानोबांचं दुखणं उद्भवलं, शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून ते उठले नाहीत. चौदा-पंधराव्या वर्षापासून ज्यानं घर खांद्यावर घेतलं, तो असा गेला. तुरुंगवासानं वेणूताईंची प्रकृती ढासळली होती. त्यांना बघायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथेच पकडले गेले. गणपतराव तुरुंगातून सुटले ते क्षय घेऊन. त्या काळी क्षयावर आजच्यासारखी औषधं नव्हती, चांगली हवा, चांगलं अन्न आणि वाट बघणं एवढाच उपचार. यशवंतराव १९४६ च्या निवडणुकीत निवडून आले, मुंबईला संसदीय सचिव झाले, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे गणपतरावही गेले.

दोन भाऊ. चार-पाच वर्षांच्या आत.

मी हे पुन्हा पुन्हा वाचते आणि मला एक गोष्ट पटत नाही. याला 'संघर्षातून घडलेलं नेतृत्व' म्हणतात. म्हणजे संघर्ष त्यांचा आणि घडणंही त्यांचं. खरं तर संघर्षाचा मोठा वाटा ज्यांनी भोगला ते घडलेच नाहीत, ते संपले. यशवंतराव स्वतः हे जाणून होते. वेणूताईंना आणि त्यांना मूल झालं नाही, गणपतरावांच्या मुलांचं या दोघांनी आपली म्हणून केलं. भावांबद्दल लिहिताना-बोलताना त्यांचा सूर बदलायचा. मोठ्या माणसाच्या आठवणींत आढळतो तसा तृप्त सूर तिथे नाही.

१९५६ च्या ऑक्टोबरात द्वैभाषिकाच्या नेतेपदाची निवडणूक झाली तेव्हा भाऊसाहेब हिऱ्यांना १११ आणि यशवंतरावांना ३३३ मतं पडली. इथून पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते लोकांच्या बाजूला नव्हते, पक्षाच्या आणि नेहरूंच्या बाजूला होते. त्याची किंमत १९५७ मध्ये कराडला त्यांनी जवळजवळ मोजलीच, थोडक्या मतांनी ते वाचले. १०५ हुतात्म्यांच्या राज्यात हा राग रास्त होता, असं मला आजही वाटतं. पण मला लिहायचंय ते त्यांच्या मुख्यमंत्रिपदातल्या एका निर्णयाविषयी. मंगल कलश, जिल्हा परिषदा, सहकारी साखर कारखाने, औद्योगिक वसाहती, विश्वकोश यांच्या यादीत तो मागे पडतो.

१९५९-६० च्या सुमारास सरकारनं ठरवलं की ज्या पालकाचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत आहे, त्याच्या मुलाची फी माफ. जात विचारायची नाही, उत्पन्न विचारायचं. ई. बी. सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत. शिक्षणमंत्री म्हणून बाळासाहेब देसाईंचंही नाव या निर्णयाशी जोडलं जातं, आणि तेही गरिबीतूनच वर आलेले, पाटणकडचे. ई. बी. सी.चा फॉर्म भरणं हा मग महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या घरांचा जूनमधला विधी झाला. तलाठ्याकडून दाखला, मामलेदार कचेरीत सही-शिक्का, मग शाळा-कॉलेजच्या खिडकीसमोर रांग. माझे वडील याच रांगेतून कॉलेजात गेले. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं त्या रांगेत होती, असं ते सांगायचे. शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची, भिक्षुकी करणाऱ्या गरीब ब्राह्मणांची, बलुतेदारांची मुलं, एकाच रांगेत.

या निर्णयाकडे मी कराडच्या त्या घरातून बघते. एकाच मुलाला शिकवता येईल अशी अवस्था असली की घराला निवड करावी लागते. कोण शिकणार आणि कोण थांबणार, हा निवाडा आईबापांनी करायचा, आणि त्याचं ओझं भावंडांनी जन्मभर वाहायचं. फी माफ झाली की तो निवाडा घरावरचा काही अंशी तरी उतरतो, सरकार तो स्वतःकडे घेतं. मला नेहमी वाटतं की त्या फाइलवर सही करताना गणपतराव त्यांच्या डोळ्यांसमोर असतील. पुरावा माझ्याकडे नाही, पण ज्याच्या घरात हे घडलंय त्याला ती फाइल नुसती फाइल म्हणून वाचता आली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

हाच धागा मला त्यांच्या इतर काही कामांतही दिसतो. १९५८ च्या कायद्यानं महार वतनं गेली. पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाला गावकीच्या कामाला जुंपून ठेवणारी ती व्यवस्था कागदावर तरी संपली. धर्मांतर केलेल्या नवबौद्धांच्या सवलती राज्यात चालू राहिल्या. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं, आणि त्याच आठवड्यात यशवंतराव दिल्लीला गेले. मुख्यमंत्री म्हणून त्यांच्या शेवटच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्राला विद्यापीठ मिळालं. साताऱ्याच्या, सांगलीच्या पोरांना आता पुण्याचं भाडं भरायची गरज उरली नव्हती.

फी माफ झाली तरी सगळं सुटलं नाही, हेही सांगायला हवं. माझी आत्या वडिलांपेक्षा हुशार होती, असं आबा स्वतः म्हणायचे. तिच्यासाठी फॉर्म कुणी आणलाच नाही. फी हा अडसर नव्हताच तिथे. घरात तिच्या हातांची गरज होती आणि मुलीच्या शिक्षणाचा विचार करायची कुणाला सवय नव्हती. तिसरी-चौथीतच ती शाळेतून निघाली. आबांच्या थांबण्याला निदान त्याग म्हणतात. तिच्या थांबण्याला घरात कुणी काहीच म्हटलं नाही.

दिल्लीतला काळ मी थोडक्यात सांगते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं म्हणत महाराष्ट्रानं त्यांना निरोप दिला. कृष्ण मेनन यांनी राजीनामा दिलेला, सैन्याचं मनोधैर्य खचलेलं. त्यांनी ते खातं आवाज न करता सावरलं, आणि १९६५ च्या युद्धात सैन्य वेगळं दिसलं, याचं काही श्रेय त्यांचं आहे. पुढे मात्र एक शब्द त्यांना चिकटला. कुंपणावरचा माणूस. १९६९ ला काँग्रेस फुटताना ते आधी सिंडिकेटबरोबर, म्हणजे पक्षातल्या जुन्या नेत्यांच्या गटाबरोबर दिसले आणि मग इंदिराजींबरोबर राहिले. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते, राहिले. १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजींवर अविश्वास ठराव आणला आणि चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. १९८१ मध्ये इंदिराजींच्या पक्षात परतायचं ठरवलं, तर बराच काळ त्यांना ताटकळत ठेवलं गेलं.

या सावधपणाचं मूळ मला त्या लहानपणातच दिसतं. एका पगारावर चूल पेटणाऱ्या घरात वाढलेलं मूल घाईनं पाऊल उचलत नाही. आधी पायाखाली जमीन आहे ना, ते बघतं. श्रीमंताघरच्या मुलाला बंड परवडतं, हरला तरी घर शाबूत असतं. ज्यानं १९४२ ला एकदा सगळं पणाला लावलं आणि त्यात दोन भाऊ गमावले, त्यानं नंतर कधी सगळं पणाला लावलं नसेल, तर मला ते कळतं.

पण कळलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. आणीबाणीचं तर मुळीच नाही. एका झेंड्यासाठी १८ महिन्यांची शिक्षा झालेला माणूस, ज्याच्या आईनं माफीचा शब्द तोंडातून काढू दिला नव्हता, तो हजारो माणसांना विनाचौकशी तुरुंगात टाकणाऱ्या सरकारात बसून राहिला. त्या तुरुंगांत बेचाळीसमधले त्यांचे सोबती होते. तिथे मी त्यांची बाजू घेऊ शकत नाही. लहानपणीच्या हालांनी माणूस करुणामय होतो आणि भित्राही होतो. एकाच माणसात दोन्ही असतं, आणि यशवंतरावांत ते होतं. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी हे झाकू नये. झाकलं तर ई. बी. सी.च्या मागचा माणूसही आपल्याला नीट दिसणार नाही.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. ४१ वर्षांच्या संसारानंतर यशवंतराव एकटे पडले आणि मनानं तिथेच थांबले. कराडला वेणूताईंच्या नावाचं स्मारक उभारायचं त्यांनी मनावर घेतलं, आपला ग्रंथसंग्रह त्याला द्यायचं ठरवलं. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत तेही गेले. त्यांच्याकडे माया निघाली नाही, पुस्तकं निघाली.

ज्ञानोबा आणि गणपतराव यांच्यावर कुणीतरी नीट लिहायला हवं. पाचशे पानांचं नको, शंभर पानांचं चालेल. कोर्टातला पगार किती होता, त्यातले किती कोल्हापूरला मनिऑर्डरनं जायचे, तुरुंगात गणपतरावांना कुठे ठेवलं होतं, क्षयाच्या दिवसांत त्यांच्या उशाशी कोण बसायचं, हे सगळं त्या पानांत हवं. त्यांच्या बहिणीचं, राधाबाईंचंही हवं. सातारा-सांगलीत इतिहास शिकवणारी, शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. कोर्टाची जुनी दप्तरं आणि तुरुंगाच्या नोंदी चाळायचं काम त्यांतल्या एखाद्यानं हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या आत्याची नात अभियांत्रिकीला गेलीय. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी महाराष्ट्रानं २०२४ पासून पूर्ण माफ केली, त्याचा तिला थेट फायदा झाला. आत्यासाठी कुणी न आणलेला फॉर्म तिच्यासाठी घरातल्या सगळ्यांनी मिळून भरला. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र आहेच, आणि तो तिचा भाऊ भागवतोय. बारावीनंतर तो एका गोदामात कामाला लागला. मी त्याला विचारलं, तुला काय शिकायचं होतं? आधी त्यानं काही नाही म्हणून उडवून लावलं. मग म्हणाला, आयटीआयला जायचं होतं, इलेक्ट्रिशियनला. या वर्षीचे प्रवेश संपलेत. पुढच्या वर्षीचा फॉर्म मी त्याच्याबरोबर बसून भरणार आहे, आणि तोपर्यंत बहिणीच्या मेसचं काय करायचं ते आम्ही बाकीचे बघतोय.